जेवणारा मुडदा

शैला आली तेव्हा गुणाजी कुकरची तिसरी शिट्टी व्हायची वाट बघत खाटेवर बसला होता. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. एरवी ती यायच्या आधी फोन करायची, येताना त्याच्यासाठी काहीतरी भाजी घेऊन यायची. आज तिच्या हातात नुसते कागद होते.

“काका, हा कोण आहे ते सांगा,” असं म्हणत तिनं चपला न काढता दारातूनच एक कागद पुढे केला.

कागदावर फोटो होता, धुरकट, काळपट. एक माणूस उकिडवा बसलेला. हातात मांसाचा तुकडा, हनुवटीवरून लाल ओघळ आलेला, आणि मान वर करून तो समोर बघतोय. डाव्या भुवईच्या मधोमध केस नव्हते. मागावरचा धोटा उडून लागला होता, त्याची ती खूण. गुणाजीला चष्मा शोधावा लागला नाही.

“रघु,” तो म्हणाला. “तुझा बाप.”

शैला खाली लादीवरच बसली. दादरला ती ज्या बँकेत होती तिथल्या एका मुलानं जेवणाच्या सुट्टीत हे कागद सगळ्यांना दाखवले होते. ‘कफन का कारखाना’ नावाचा एक हिंदी सिनेमा पंचवीस वर्षांपूर्वी येऊन गेला होता. बंद पडलेल्या कारखान्यात मुडदे उठतात, चालू लागतात आणि माणसं खातात, अशी त्याची गोष्ट. लागला तेव्हा आठवड्यात उतरला. पण पुढे व्हिडिओ पार्लरवाल्यांनी तो गल्लोगल्ली फिरवला आणि कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतला. आता तोच सिनेमा मोठे नट घेऊन नव्यानं काढला होता, आणि नवा बरा की जुना यावर इंटरनेटवर लोकांची जुंपली होती. त्या मुलानं ती मतं छापून आणली होती. वाचून सगळे हसत होते. शैलाही हसत होती, फोटोचं पान हातात येईपर्यंत.

“वाचते,” ती म्हणाली, आणि गुणाजी नको म्हणायच्या आत वाचायला लागली.

“‘नव्यात रक्त जास्त आणि भीती कमी. नवे मुडदे जिममधून आल्यासारखे दिसतात.’ दुसरा म्हणतो, ‘जुन्यात मेकअप काय होता! त्या काळात त्यांनी बरगड्या कशा काढल्या असतील?’ हे ऐका. ‘जुना सिनेमा म्हणजे तो एकच शॉट. जेवणारा मुडदा. तो मान वर करून बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. एवढा अभिनय करणारा माणूस पुढे कुठं दिसला कसा नाही?’ त्याला एकानं उत्तर दिलंय. ‘तो दिल्लीच्या नाटकवाल्यांपैकी होता. या शॉटसाठी आठ दिवस उपाशी राहिला होता.’”

तिनं कागद मिटले. कुकरची शिट्टी झाली. गुणाजीनं उठून गॅस बंद केला आणि तिच्याकडे पाठ करून तिथंच उभा राहिला.

“आई यावर बोलत नाही,” शैला म्हणाली. “चाळीतले म्हणायचे, संप चालू असताना तुझा बाप स्वतः मिलमध्ये घुसला आणि गुणाजीलाही घेऊन गेला. मला तेवढंच माहीत आहे. तुम्ही बरोबर होतात ना?”

“होतो.”

“मग जेवून घ्या. दुपारच्या खेळाची तिकिटं काढली आहेत.”

गुणाजीनं भात तसाच झाकून ठेवला आणि सदरा चढवला.

संपाला तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. गुणाजी आणि रघु मिलच्या एकाच साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, एकाच पाळीला, आणि एकाच चाळीत राहायला. दोघंही कुडाळकडचे. पहिल्या वर्षी गावाकडून तांदूळ आला, बायकांच्या अंगावरचं होतं ते मोडून झालं. दुसऱ्या वर्षी माणसं नुसती दारात बसून राहायला लागली. चाळीची एक समिती होती. चिंतामणी नावाचा जॉबर, म्हणजे मिलमधला मुकादम, तिचा पुढारी. बाहेरून मदतीचं धान्य यायचं ते समिती घरटी वाटायची, आणि त्या धान्यावर चुली पेटायच्या. समितीचा नियम एकच होता, मिलच्या फाटकाच्या आत जो पाय टाकील तो आपला नाही.

गुणाजीचा एक लांबचा भाऊ दत्तू गिरगावात सुतारकाम करायचा. सिनेमावाल्यांचे सेट बांधायचा. तो एक दिवस गुणाजीकडे आला आणि म्हणाला, एका सिनेमाला माणसं हवीत, मुडद्यांची कामं आहेत, अंगावर मांस नसलेली माणसं पाहिजेत, म्हणजे रंगरंगोटीचा त्रास नको. दिवसाची रोकड आणि एक वेळचं जेवण. शूटिंग कुठं, असं विचारल्यावर त्यानं त्यांच्याच मिलचं नाव घेतलं. मालकानं बंद शेड भाड्यानं दिली होती.

रघु ऐकायलाच तयार नव्हता. “आत पाय ठेवचंय नाय मी,” तो म्हणाला. त्याला खोकला झाला होता, बोलताना मध्येच थांबायचा. “चिंतामणीक काय सांगशीत?”

“अरे, आपण माग चालवूक थोडेच जातंव?” गुणाजी म्हणाला. “मेलेल्याचा काम हा. मेलेलो माणूस संप मोडता काय?”

रघु हसला. तो हसला म्हणजे तयार झाला, हे गुणाजीला ठाऊक होतं. तरी दोन दिवस त्याच्या मागे लागून, शैलाकडे बघ, तिच्या हाडांकडे बघ, असं म्हणून त्यानंच रघुला राजी केलं. गुणाजीची स्वतःची दोन मुलं होती आणि बायको तिसऱ्यांदा गरोदर. त्याला एकट्यानं जायची भीती वाटत होती.

मिलच्या पुढच्या फाटकावर संपवाले बसायचे, म्हणून टेम्पो मागच्या फाटकानं आत गेला. आठ जण होते. बाकीचे सहा शिवडीकडचे, कुणी कुणाच्या ओळखीचे नव्हते. शेडच्या काचांना काळं कापड लावून भरदुपारी आत अंधार केला होता. मागांवर गंज चढला होता. रघु चालत चालत आपल्या मागापाशी गेला आणि त्यानं त्यावर हात ठेवला. तसा कुणीतरी ओरडला, सामान को हाथ मत लगाव.

त्यांना अंगातले सदरे काढायला लावले, अंगाला राख फासली. मेकअपवाला रघुच्या छातीपाशी येऊन थांबला आणि डायरेक्टरला म्हणाला, याला काही करायला नको.

जेवणाचा शॉट दुपारनंतर घेतला. परातीत उकडलेलं मटण होतं, त्यावर लाल रंग घातलेला साखरेचा पाक ओतलेला. प्रत्येकानं तुकडा उचलायचा, दातानं तोडायचा, आणि कट म्हटलं की बादलीत थुंकायचं. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं, जेवण काम संपल्यावर मिळणार होतं. कट झालं. सात जण थुंकले. रघु थांबला नाही. त्यानं तो तुकडा चावून गिळला, दुसरा उचलला, हाडाला दात लावून ओढला. डायरेक्टरनं कॅमेरावाल्याला हातानं खूण केली, चालू ठेव. शेडमध्ये कॅमेऱ्याच्या घरघरीखेरीज काही आवाज नव्हता, आणि रघु खात होता. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान वर केली, आणि सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्याला दिसलं.

गुणाजी तीन हातांवर बसला होता. ती नजर त्यानं पूर्वी कधी पाहिली नव्हती. रघु चांगल्या घरचा माणूस होता, पंगतीत शेवटी बसणारा. तो शरमेनं मेला होता त्या क्षणी.

डायरेक्टरनं टाळ्या वाजवल्या. शॉट एकदाच घेतला. निघताना रघुनं परातीकडे बोट करून खालच्या आवाजात विचारलं, “साब, ये बाकी का लेके जाऊं?” कुणीतरी ते वर्तमानपत्रात बांधून दिलं.

तिथंच घात झाला. अंबिकानं, रघुच्या बायकोनं, ते मटण चार पाण्यांत धुतलं आणि मसाला लावून पुन्हा चुलीवर चढवलं. ज्या चाळीत सहा महिन्यांत कुणी सुकं बोंबील भाजलं नव्हतं तिथं मटणाचा वास सुटला. दारं उघडली. चिंतामणी जिना चढून आला, त्यानं टोपात डोकावून बघितलं आणि काही न बोलता खाली गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळी चाळ जमली. रघुला विचारलं, त्यानं लपवलं नाही. बरोबर कोण होतं हे विचारलं तेव्हा मात्र तो गप्प राहिला. पण टेम्पोतून उतरताना दोघांना कुणीतरी पाहिलं होतं. चिंतामणी गुणाजीकडे वळला.

“तू पण?”

गुणाजीची बायको गॅलरीत पोटावर हात धरून उभी होती. गुणाजीच्या तोंडून निघून गेलं, “रघु म्हणाला म्हणून गेलो. त्यानंच ओढून नेलं.”

रघुनं एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तो चिंतामणीला म्हणाला, “होय. मियाच नेलंय तेका.”

गुणाजीनं सगळ्यांसमोर कान पकडले, तो सुटला. रघुच्या घराचं धान्य बंद झालं. नळावर अंबिकाशी बोलणं बंद झालं. शिमग्याच्या आधी रघु शिवडीच्या हॉस्पिटलात गेला, छातीचं दुखणं फार पुढे गेलं होतं. तिथंच तो संपला. खांदा द्यायला चाळीतून चार माणसं निघाली, त्यात गुणाजी पुढे होता.

त्यानंतर त्यानं काय नाही केलं? वॉचमनच्या नोकरीवरून सुटला की अंबिकाच्या दारात पिशवी ठेवून जायचा. शैलाला शाळेत घातलं, तिच्या दहावीच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली. बँकेत लागल्यावर पहिला पेढा तिनं त्याला दिला होता. मायलेकी शीवला राहायला गेल्या तरी दर गणपतीला त्याचं तिथलं पान चुकलं नाही. लोक म्हणायचे, रघुनं याला बदनाम केलं तरी बघा, याचं मन किती मोठं. हे ऐकून सुरुवातीला तो मान खाली घालायचा. पुढं पुढं त्याला त्याची सवय झाली.

थिएटर होतं ते त्याच मिलच्या जागेवर. चिमणी तेवढी ठेवली होती, तिला रोषणाई केली होती. सरकत्या जिन्यावर गुणाजीचा पाय अडखळला तेव्हा शैलानं त्याचा दंड धरला. साळखातं नेमकं कुठं होतं याचा अंदाज घ्यायचा त्यानं प्रयत्न केला, पण सगळीकडे काचाच होत्या.

सिनेमात तो शॉट मध्यंतरानंतर आला. नवा मुडदा धिप्पाड होता. त्यानं परातीवर झडप घातली, गुरगुरला, मान वर करून दात विचकले. पुढच्या रांगेतल्या मुली किंचाळल्या आणि मग हसल्या. मागून एक मुलगा मक्याच्या लाह्या खाता खाता म्हणाला, “जुन्यातल्याची सर नाही यार. त्याच्या डोळ्यात कसली भूक होती.” दुसरा म्हणाला, “ॲक्टिंग स्कूलला शिकवतात तो शॉट.”

बाहेर पडल्यावर एका चॅनेलची मुलगी माईक घेऊन लोकांची मतं घेत होती. म्हातारा माणूस बघून ती पुढे आली.

“आजोबा, जुना पाहिला होतात?”

“त्यात होतो मी,” गुणाजी म्हणून गेला.

तिनं कॅमेरावाल्याला जवळ ओढलं. “तुम्ही कोण होतात?”

“मागं. रांगेत.”

“मग तो जेवणारा मुडदा तुम्हाला आठवत असेल. तो आठ दिवस उपाशी राहिला होता हे खरं का?”

“आठ दिवस नाही. जास्त.”

“भूमिकेसाठी एवढी मेहनत,” मुलगी कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, “आज कोण घेतं?” गुणाजीनं पुढे बोलायला तोंड उघडलं, तोवर माईक एका कॉलेजच्या जोडप्यासमोर गेला होता.

शैलानं त्याला खाण्याच्या दुकानांसमोरच्या बाकावर नेऊन बसवलं. “जास्त म्हणजे किती?” तिनं विचारलं. “मला लहानपणीचं एक गोड मटण आठवतं. आई म्हणते, तुला भास होतो. काका, काय झालं होतं?”

त्यानं सांगितलं. परातीचं सांगितलं, वासाचं सांगितलं. अंगणाशी येऊन तो थांबला. तिथं थांबूनही चाललं असतं, गेली पंचवीस वर्षं चाललंच होतं. पण ती त्याचा हात धरून बसली होती, आणि तो हात त्याला सहन होईना.

“त्यानं मला नेलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी त्याला नेलं होतं. त्याचं नाव मी घेतलं.”

शैलानं हात लगेच काढला नाही. थोड्या वेळानं काढला, पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि पर्स बंद केली.

“शाळेत मला पोरं फितुराची पोर म्हणायची,” ती म्हणाली. “मी रडत यायची, आणि तुम्ही मला लिमलेटची गोळी द्यायचात.”

ती उठून उभी राहिली.

“चला. हे आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

शीवला अंबिका मेथी निवडत बसली होती. गुणाजीनं उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो तर उठवणार नाही असं त्याला वाटलं. सांगून झाल्यावरही तिचा हात थांबला नाही.

“मला ठाऊक आहे, भावजी,” ती म्हणाली. “हॉस्पिटलात त्यांनीच सांगितलं. म्हणाले, त्याची बायको पोटुशी आहे, दोन्ही घरांचं धान्य बंद होण्यापेक्षा एकाचं झालेलं बरं. कुणाजवळ बोलू नको म्हणाले. मी बोलले नाही.”

“वहिनी, मग इतकी वर्षं मला घरात…”

“तुम्ही पिशवी घेऊन यायचात, मी चहा टाकायची. दर खेपेला वाटायचं, आज सांगतील. मग कप रिकामा व्हायचा आणि तुम्ही उठायचात.” तिनं मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या. “भुकेच्या वेळी माणूस कुणाचंही नाव घेतो. मी असते तर मीही घेतलं असतं. पण तुम्ही आमच्याच ताटात जेवून चांगला माणूस म्हणवून घेतलंत, आणि ते मेल्यावरही फितूरच राहिले. पोरीला मी सांगू शकत होते. पण मग तिची फी कोण भरणार होतं?”

शैला आईकडे बघत राहिली. या वाक्याचं तिला काय करावं ते कळेना, हे गुणाजीला दिसलं. अंबिकालाही दिसलं असावं. ती मेथी घेऊन आत गेली, आणि त्या दिवशी चहा झाला नाही.

टीव्हीवर गुणाजी चार सेकंद दिसला. खाली अक्षरं होती, ‘मूळ चित्रपटातील कलाकार’. चाळीत लोकांनी अभिनंदन केलं. मंडळाचा सेक्रेटरी वर येऊन म्हणाला, काका, यंदा गणपतीत तुमचा सत्कार ठेवू या. गुणाजी म्हणाला, रघुचा ठेवा, आणि मी खोटं बोललो होतो ते माईकवर सांगतो. सेक्रेटरी पस्तिशीचा होता. रघु कोण हे त्याला आठवेना. चिंतामणी मरून दहा वर्षं झाली होती. “संपाचं आता कोण काढतंय, काका,” तो म्हणाला. “नुसतं शाल-श्रीफळ आहे. भाषण नाही.” मग मला सत्कार नको, असं गुणाजीनं त्याला सांगून टाकलं.

पंधरा दिवसांनी तो बँकेच्या दारात उभा राहिला. शैला बाहेर आली, पण काका म्हणाली नाही.

“ती मतं जिथं लिहितात तिथं मला लिहायचंय,” तो म्हणाला. “मला जमणार नाही. तू लिही.”

ती त्याला कबुतरखान्याजवळच्या एका सायबर कॅफेत घेऊन गेली. तो सांगत गेला, ती टाईप करत गेली. तो नट नव्हता. रघुनाथ तावडे, साळखात्यातला, संपातला कामगार. तो अभिनय नव्हता, त्याला भूक लागली होती. त्याला मी नेलं आणि नंतर त्याच्यावर ढकललं. तो त्यानंतर सहा महिन्यांत गेला. शेवटी गुणाजीनं स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता लोक वाचतील.”

दोघं थांबले. बाजूच्या खुर्चीवर कुणीतरी गाडीची शर्यत खेळत होतं. दहा मिनिटांनी पहिलं उत्तर आलं, मग दुसरं. गुणाजीला पडद्यावरची अक्षरं लागत नव्हती.

“काय लिहिलंय?”

शैलानं वाचून दाखवलं. “‘पुरावा आहे का? तो दिल्लीचा नट होता हे सगळ्यांना माहीत आहे.’”

“आणि दुसरं?”

“‘सुंदर लिहिलंय. डोळ्यात पाणी आलं. यावर सिनेमा काढायला हवा.’”

शैलानं कॉम्प्युटर बंद केला, काउंटरवरच्या माणसाशी हिशेब मिटवला आणि त्याला परळच्या बसच्या स्टॉपपर्यंत आणून सोडलं. बस येईपर्यंत ती उभी राहिली. त्या वर्षी गणपतीला शीवहून बोलावणं आलं नाही, आणि त्यानंही फोन केला नाही.